दिवसाची लाइट आली आणि गेम संपला : एक प्रकरण अभ्यास

चोपडा तालुक्यातलं तापीकाठचं गाव. मुलगा सव्वीस वर्षांचा, शेतकी पदवीधर. थोडे दिवस पुण्यात नोकरी केली, २०२० च्या टाळेबंदीत घरी आला तो इथलाच झाला. वडिलांबरोबर केळी आणि थोडाफार कापूस बघतो. लग्न व्हायचं आहे. त्याला माझ्याकडे जळगावला घेऊन आली त्याची आई. मी काही विचारायच्या आत तिने सुरुवात केली, "मना आंडोरले काय व्हयनं, तेच समजत नही."

घरात तोवर तीन निदानं होऊन गेली होती. वडिलांच्या मते मुलीची भानगड. आत्याच्या मते बाहेरचं काहीतरी, म्हणून अंगाराही लावून झाला. चुलतभावाला खात्री होती की हा मोबाइलवर रमीत पैसे हरला आहे; त्याने गुपचूप बँकेचे मेसेजही तपासले होते. पैसे जागच्या जागी होते.

आईला बाहेर बसवल्यावर मुलगा म्हणाला, "मॅडम, हसू नका. एक गेम संपला. त्याला महिना होत आला. तेव्हापासून संध्याकाळ झाली की आत काहीच नसल्यासारखं वाटतं."

हसण्याजोगं त्यात काही नव्हतं. मालिका संपली, कादंबरी संपली, गेम संपला म्हणून माणूस आतून रिकामा होतो, हे मी आधीही पाहिलं आहे. बहुतेकांचं आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप निवळतं आणि ते कोणाकडे जातही नाहीत. याचं निवळत नव्हतं. ते का, एवढंच या टिपणात मांडायचं आहे. त्याने हे वाचून होकार दिला आहे. गाव आणि घर ओळखू येईल असे तपशील बदलले आहेत. गेमचं नाव मात्र खरंच द्या, असा त्याचा आग्रह होता.

गेम

'रेड डेड रिडेम्प्शन २'. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आधी कन्सोलवर आला आणि वर्षभराने कॉम्प्युटरवर. ज्यांना अजून खेळायचा आहे त्यांनी इथेच थांबावं, कारण शेवट सांगितल्याशिवाय हे प्रकरण सांगता येणार नाही.

काळ १८९९ चा, देश अमेरिका. दरोडेखोरांची एक टोळी आहे आणि त्यातला आर्थर मॉर्गन आपण चालवायचा. गोळीबार भरपूर, पण गेम मुळात संथ आहे. घोड्याला खरारा करायचा, चारा द्यायचा, मग तो हळूहळू आपल्याला ओळखायला लागतो. रात्री टोळीच्या तळावर परतलं की शेकोटीभोवती माणसं बसलेली असतात, नावाने हाक मारतात, आपण काय उद्योग करून आलो त्यावर बोलतात. आर्थर एका वहीत लिहितो, चित्रं काढतो. सुरुवातीच्या काळात तो एका कर्जदाराकडे वसुलीला जातो आणि त्याला मारहाण करतो. तो माणूस क्षयाचा रोगी असतो, आर्थरच्या तोंडावर खोकतो. खेळणारा हे विसरूनही जातो. बऱ्याच पुढे शहरातला डॉक्टर रोगाचं नाव सांगतो, आणि मग आपण इतके दिवस चालवलेलं ते शरीर आपल्याच हातात खंगत जातं. सहाव्या प्रकरणाच्या शेवटी आर्थर मरतो. घोडा त्याच्याआधी, शेवटच्या पाठलागात गोळी लागून. त्यानंतर काही वर्षं उलटतात, १९०७ साल येतं आणि त्याच टोळीतला जॉन मार्स्टन आपल्या हाती येतो. तो बँकेचं कर्ज काढून जमीन घेतो, घर बांधतो. आर्थरची वही आता त्याच्याकडे असते.

कथा पूर्ण झाली तरी ते जग खुलं राहतं, हवं तिथे फिरता येतं. या मुलाने काय केलं? "जॉनला घेऊन हॉर्सशू ओव्हरलुकला गेलो. दुसऱ्या प्रकरणात तिथे आमचा तळ होता. कोणीच नव्हतं. नुसता उभा राहिलो. लॅपटॉपचा पंखा तेवढा ऐकू येत होता."

'आमचा तळ' हे शब्द मी वहीत टिपून ठेवले.

आधी काय काय तपासलं

गेम, मोबाइल वगैरे शब्द कानावर पडले की घरचे लगेच व्यसनावर येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून लागू आहे, गेमिंगचा विकार नोंदलेला आहे. पण त्याच्या अटी कडक आहेत : खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा गेमला वरचं स्थान मिळणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, आणि हे सर्वसाधारणपणे बारा महिने चाललेलं असणं. इथे तर मुलगा महिनाभर खेळतच नव्हता. मित्राने सुचवलेला नवा गेम त्याने विकत घेतला आणि पाव तासात बंद केला. हा मुद्दा तिथेच संपला.

नैराश्य मात्र नीट बघावं लागतं. नऊ प्रश्नांची एक नेहमीची प्रश्नावली आहे, प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण. एकूण दहा किंवा त्याहून जास्त झालं की आम्ही सावध होतो. तो दहाच्या आत होता. मरणाचे विचार येतात का, हे मी आडवळणाने विचारत नाही, सरळ विचारते. नाही म्हणाला, आणि ते खरं वाटलं. दिवसा कामात लक्ष होतं. केळीच्या बागेत निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, सुरू होती, घडांविषयी बोलताना तोंडावर तेज यायचं. सगळं बिघडायचं ते रात्री नऊनंतर. दोन आठवड्यांच्या वर मन सतत खाली असेल, कामच बंद पडलं असेल, जेवण तुटलं असेल किंवा मरणाचा विचार डोकावत असेल, तर कारण गेम आहे की आणखी काही, याची चर्चा घरी करत बसू नये, डॉक्टर गाठावा. तेही जमत नसेल तर सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

राहिली झोप. रात्री तीनपर्यंत जागा, सकाळी आठला जबरदस्तीने उठवलेला, दुपारी दोन तास आडवा. असं महिनाभर चाललं तर गेम न खेळलेल्या माणसालाही संध्याकाळी भकास वाटेल.

पुस्तकं काय म्हणतात

पडद्यावरच्या माणसाशी प्रेक्षकाचं एकतर्फी नातं जुळतं, हे हॉर्टन आणि वोल या दोघांनी १९५६ मध्येच मांडलं होतं, म्हणजे दूरदर्शन आपल्याकडे यायच्याही आधी. ते नातं तुटल्यावर काय होतं, याचा अभ्यास जोनाथन कोहेन यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी 'फ्रेंड्स' ही मालिका संपली. तिच्या प्रेक्षकांवर कोहेन यांनी केरेन एयाल यांच्यासोबत केलेला अभ्यास २००६ चा. आवडत्या पात्राशी नातं जितकं घट्ट तितका त्रास जास्त, एकाकी माणसाला आणखी जास्त. तरीही खऱ्या नात्याच्या तुटण्याएवढा नाही, असं त्यांना दिसलं. अलीकडे पोलंडच्या संशोधकांनी गेम संपल्यावरच्या या अवस्थेसाठी वेगळी मोजपट्टी बनवली. डोक्यात तेच घोळत राहणं, शेवट सोसायला जड जाणं, पुन्हा पहिल्यापासून खेळावंसं वाटणं आणि दुसरं काही बघायला-खेळायला गोडी न लागणं, अशा चार बाजू त्यांनी धरल्या आहेत. हा अजून आजार म्हणून कुठे नोंदलेला नाही, आणि नोंदवायची गरज आहे असं मला वाटत नाही.

यातलं थोडं सोपं करून मी त्याच्या आईला सांगत होते. ती मधेच म्हणाली, "सप्ता उठना का मंडप सुना लागस, तसंच का हाई?"

अगदी तसंच. फरक एवढाच की सप्ताह उठायच्या दिवशी काल्याचं कीर्तन असतं, गावजेवण असतं, मंडप सोडायला दहा हात असतात. गेम संपल्यावर नावांची लांबलचक यादी सरकत जाते आणि ती हेडफोन लावून एकट्याने बघायची असते.

एवढ्यावर थांबून "वेळ लागेल, जाईल" म्हणून त्याला घरी पाठवता आलं असतं. पण एकतर्फी नात्याची मांडणी मला या मुलाला पुरी बसत नव्हती. आर्थरविषयी तो हळहळायचा, पण त्याविषयी बोलून झालं की मोकळा व्हायचा. रिकामपण तसंच राहायचं.

कागद

मी त्याला दोन आठवडे मांडून आणायला सांगितले, एक गेम चालू असतानाचा आणि एक आत्ताचा. ठिबकच्या पाळ्या तो आधीपासून डायरीत लिहायचा, त्यामुळे त्याला आठवावं लागलं नाही. जुन्या आठवड्यातल्या एका रात्रीची नोंद अशी :

१०.०० लाइट आली. मोटर. फिल्टर धुतला.
१०.२० खोली. गेम.
११.१५ कॉक बदलला, खालचा प्लॉट.
११.३० आबा. चहा.
१२.३० कॉक.
१२.४० गेम. आबा.
२.०० कॉक. आबा झोपले.

पुढच्या रात्री आबा. त्याच्या पुढच्या रात्रीही आबा. आत्ताच्या आठवड्यात आबा कुठेच नाहीत. आणि एवढ्या बोलण्यात त्याच्या तोंडून हे नाव माझ्यासमोर एकदाही आलं नव्हतं.

"हे आबा कोण?"

तो ओशाळला. "तसं नातं आहे. पण आमचं त्यांच्याशी बोलणं नाही."

मग सगळं बाहेर आलं. आबा म्हणजे त्याचे चुलत आजोबा, सत्तरीचे. दोन्ही घरांची विहीर सामाईक, आणि तिच्यावरून कोर्टात दावा चालू. पाणी कोणी जास्त ओढलं यावरून दोन्ही घरांत एकमेकांवर पाळत. शेतीपंपांची लाइट आठवड्याच्या पाळीने यायची, एक आठवडा दिवसा, एक रात्री. रात्रपाळीत विहिरीवर दोन्ही घरांचा एकेक माणूस राखणीला असायचाच. याच्या घरून हा जायचा, कारण वडिलांना रात्रीचं नीट दिसत नाही. तिकडून आबा यायचे, म्हाताऱ्याला तशीही झोप लागत नाही म्हणून.

म्हणजे दोघे एकमेकांवर नजर ठेवायला बसलेले. खोली याची, चूल याची. थंडीचे दिवस. एका रात्री आबा शेकायला दारापर्यंत आले आणि पडद्यावरचा घोडा बघून तिथेच उभे राहिले. जरा वेळाने म्हणाले, "घोडाले पाणी पाज रे भो, दमना तो."

त्या रात्रीपासून गेम दोघांचा झाला. आबांनी तरुणपणी दोन घोडे बाळगलेले. सारंगखेड्याच्या यात्रेला ते अजून दरवर्षी जातात. गेममध्ये घोड्याला नाव देता येतं, ते आबांनी सुचवलेलं होतं, मोती. गोळीबार सुरू झाला की आबा बिडी प्यायला बाहेर. तळावरची शेकोटी आली की आत. दिवसपाळीच्या आठवड्यात हा गेम उघडायचाच नाही. तसं कधी ठरलेलं नव्हतं, पण आबांना सोडून पुढे गेलं तर बरं दिसणार नाही, असं त्याला वाटायचं. पन्नास-साठ तासांची गोष्ट म्हणूनच वर्षभर पुरली. दिवसा बांधावर समोरासमोर आले तरी दोघे मान वळवून जात.

डॉक्टर आर्थरला क्षय झाल्याचं सांगतो त्या रात्री आबा चिडले होते. सरकारी दवाखान्यात सहा महिन्यांच्या गोळ्या फुकट मिळतात, हा घेत का नाही? मुलाने त्यांना सांगितलं की क्षयाचा जंतू १८८२ मध्येच सापडला असला तरी त्यावरचं पहिलं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, निघालं १९४३ मध्ये. हा माणूस १८९९ मध्ये अडकलेला आहे. आबांना ते पटलं नाही. "मंग डाक्टरनी पैसा कसाना लिधा?"

आबांनी पाहिलेली ती शेवटची रात्र. त्याच आठवड्यात त्यांचा फीडर, म्हणजे शेतीपंपांना वीज देणारी वाहिनी, सौर योजनेत गेला आणि शेतीला रोज दिवसाची लाइट सुरू झाली. गावाने पेढे वाटले, आणि वाटायलाच हवे होते. रात्री पाणी भरताना साप, रानडुक्कर, वर सातपुड्याकडून येणारा बिबट्या. किती वर्षांची ही मागणी. आता विहिरीवर दिवसा याचे वडील आणि आबांचा मुलगा उभे राहतात आणि रोज एकमेकांना ऐकवतात. याला तिथे जायचं कारणच उरलं नाही. गेमचा उरलेला भाग त्याने घरी, माडीवर, हेडफोन लावून आठवडाभरात संपवला.

माझं मत इथे पक्कं झालं. गेम संपल्याचं दुःख होतंच. पण ते ज्याच्याजवळ बोलून हलकं झालं असतं तो माणूस त्याच सुमारास हातचा गेला होता. आणि त्या जाण्याचं दुःख बोलून दाखवायला तोंड नव्हतं. रात्रीची लाइट गेली म्हणून वाईट वाटतं, असं चोपड्यात कोणापुढे म्हणणार? लोक वेड्यात काढतील. शत्रुपक्षाच्या म्हाताऱ्याची आठवण येते, असं वडिलांपुढे म्हणणार? त्यापेक्षा गेमचं नाव घेणं सोपं. तो खोटं बोलत नव्हता, त्याला स्वतःलाही तेवढंच दिसत होतं.

काय केलं

आधी झोप. वर्षभर एक आठवडा रात्री तीनपर्यंत जागून आणि एक आठवडा वेळेवर झोपून शरीराचं घड्याळ खिळखिळं झालं होतं. सकाळी सहाला उठायचंच, रात्री कितीही वाजता झोप लागलेली असो. उठल्यावर उन्हात बागेची फेरी. दुपारची झोप अर्ध्या तासाच्या वर नाही. चारनंतर चहा बंद. शेवटची अट त्याला सर्वांत जड गेली. खानदेशात पाहुण्याला चहा नाकारणं म्हणजे भांडण उकरून काढणं, असं तो म्हणाला, आणि त्यात तथ्य आहे. पण तीनेक आठवड्यांत तो बाराच्या आसपास झोपायला लागला आणि संध्याकाळचं भकासपण निम्म्याने उतरलं.

नवा गेम शोध, असं मी सांगितलं नाही. जुना काढून टाक, असंही नाही. एकच प्रश्न विचारला : आर्थरचं पुढे काय झालं, हे आबांना ठाऊक आहे का?

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "त्यांना वाटत असेल तो गोळ्या न घेताच फिरतोय."

आबांच्या घरी जाणं शक्य नव्हतं. फोन केला तर आबांची सून उचलते. मी त्यावर काही सुचवलं नाही. गावातल्या वाटा त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मार्गशीर्षात दत्तजयंती आली. शहादा तालुक्यातल्या सारंगखेड्याला तापीकाठी तेव्हा यात्रा भरते आणि घोड्यांचा मोठा बाजार लागतो. घरी "ट्रॅक्टरचं अवजार बघायला जातो" असं सांगून हा मोटारसायकलवर निघाला.

आबा घोड्यांच्या रांगेतच सापडले, घ्यायचा नसलेल्या एका घोड्याचे दात बघत. याने रामराम केला. आबांनी इकडेतिकडे कोणी गावचं आहे का ते पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तो घोडावालानं काय व्हयनं मंग?"

चहाच्या टपरीमागे उभ्याउभ्या याने सगळं सांगितलं. आर्थर गेला याचं आबांना फार काही वाटलं नाही. दुखणं होतं, जायचाच होता. मोती गेला ते मात्र त्यांना सोसलं नाही. दमलेला घोडा त्या रस्त्याने घातलाच कसा, यावरून त्यांनी याला चांगलंच फैलावर घेतलं, जणू लगाम खरंच याच्या हातात होता. तसा तो होताच म्हणा. पळवायचं बटण यानेच दाबलेलं. मग जॉन, जमीन आणि घर. आबा तिथे एकदम सावरून उभे राहिले. कर्ज किती? व्याज काय? जमीन कोरडवाहू का? फेडलं का शेवटी? फेडलं, जुन्या दरोड्याचे पैसे हाती लागले त्यातून, असं कळल्यावर त्यांनी मान हलवली. "तशेच फिटस. केळीवर नही फिटत."

हे मला सांगताना मुलगा पहिल्यांदा मोकळा हसला.

त्यानंतर

प्रश्नावलीचे गुण पुढच्या वेळी निम्म्यावर आले होते. झोप बारा ते सहा. गेम लॅपटॉपमध्ये आहे. नव्याने सुरू केलेला नाही, काढलाही नाही. संध्याकाळी कधी कधी अजून सुनं वाटतं, पण आता ते कशाचं आहे ते कळतं, असं तो म्हणतो. आईने अंगारा बंद केला आहे, आत्याने नाही.

सारंगखेड्याला दोघांना एकत्र पाहणारं कोणीतरी होतंच. बातमी वडिलांपर्यंत आली. त्यांनी रात्री जेवताना एवढंच विचारलं, विहिरीबद्दल तो काही बोलला का? हा म्हणाला, नाही. ते पुन्हा भाकरी मोडायला लागले.

आबांनी निरोप धाडला आहे की जॉनचं घर बांधतानाचं त्यांना बघायचं आहे. कुठे बसून बघायचं, हे अजून ठरलेलं नाही. खोलीवर दिवसा दोन्ही घरांची माणसं असतात. दाव्याची पुढची तारीख उन्हाळ्यात आहे. त्या दिवशी दोघेही चोपड्याला कोर्टात असतील, विरुद्ध बाजूंनी, आणि कोर्टासमोरच्या हॉटेलात पाठीमागे एक खोली आहे, असं मुलाने मला जाता जाता सांगितलं.